निळ्या ड्रमातलं पाणी

आधी मॅडमचं सांगतो, मग झालं ते. उलटं सांगायला गेलो तर नुसती भीतीच लिहीत बसेन आणि मॅडम राहून जातील.

मॅडम म्हणजे मलेरियावर आणि डासांवर उभी हयात घालवलेल्या बाई. डॉक्टर, पण दवाखान्यातल्या नव्हेत, संशोधनातल्या. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचंही नाही. माझ्या आयुष्यात जे काही धड आहे, म्हणजे सावलीतली नोकरी, पोरीची बारावी, ही लिहायची सवयसुद्धा, ते त्यांच्यामुळं आहे. त्या नसत्या तर मी अजून तळोज्याच्या एखाद्या गेटवर काठी घेऊन उभा असतो. किंवा नसतोच.

मी साताऱ्याच्या माण भागातला. आठवी अर्ध्यावर सुटली. त्या वर्षी पाऊस झाला नाही म्हणून जनावरं छावणीवर नेली होती आणि त्यांच्याजवळ राहायला घरातून मला पाठवलं. परत आलो तेव्हा पोरं पुढच्या वर्गात गेली होती. मास्तर ये म्हणाले होते, पण मला लहान पोरांत मागच्या वर्गात बसायची भीती वाटली. शाळा सुटली ती अशी, भीतीनं. पुढंही मी बऱ्याच गोष्टी भीतीपोटी केल्या. ही त्यातलीच एक.

मॅडमची पहिली भेट झाली तेव्हा मी तळोज्याला एका बांधकामावर वॉचमन होतो. आत कुणाला सोडायचं नाही, असं कंत्राटदारानं बजावलेलं. तेवढ्यात खांद्याला पिशवी, हातात लांब दांड्याचा पांढरा डाव घेतलेली एक बाई आली आणि म्हणाली, "वर स्लॅबवर पाणी भरून ठेवलंय ना? ते बघायचंय."

"साहेब न्हाईत. परवानगी न्हाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "थंडी कधीपासून वाजतेय?"

"न्हाई वाजत," मी म्हणालो. दातावर दात आपटत होते.

"काल वाजली होती?"

"न्हाई."

"परवा? साधारण याच वेळेला?"

असं न बघता सांगणारा आमच्याकडं फक्त देवऋषी असतो. त्यांनी माझं बोट टोचलं, काचेवर रक्ताचा थेंब घेतला आणि मग सरळ जिना चढून वर गेल्या. मला अडवताही आलं नाही. संध्याकाळी गोळ्या घेऊन परत आल्या. म्हणाल्या, "मलेरिया तुझ्या रक्तात आहे आणि डास वरच्या स्लॅबवर आहेत. एकमेकांचे शेजारी आहात तुम्ही."

गोळ्या चौदा दिवसांच्या होत्या. तीन दिवसांत ताप गेला की लोक उरलेल्या टाकून देतात आणि मग तोच ताप महिन्या-दोन महिन्यांनी परत येतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या रोज फोन करायच्या.

"पाव्हणं, गोळी घेतली?"

"घेतली मॅडम."

"तोंड उघडून दाखव."

"आता फोनवर कसं दाखवू?"

"मग खोटं बोलू नकोस. मला आवाजावरून कळतं."

माझ्या बोलण्यावरून त्यांनी मला 'पाव्हणं' हे नाव ठेवलं होतं ते कायमचं. रागावल्या तरच खऱ्या नावानं हाक मारायच्या. चौदाव्या दिवशी फोन आला तेव्हा मी विचारलं, तुमच्याकडं काही काम असलं तर बघा. त्यांनी बघितलं.

*

आमची लॅब करावे गावाच्या अलीकडं, खाडीकडून वारा येतो अशा बाजूला. माझं काम डास धरायचं आणि डास पाळायचं. तुर्भ्याच्या खोलीत माझ्याबरोबर मार्केटात पाठीवर माल वाहणारे गावाकडचेच चौघं राहायचे. त्यांना हे काम सांगितलं तर दोन दिवस हसत होते. "डास पाळायचा पगार देत्यात? मग मॅडमला हितं आण की. आमी हितं फुकट पाळल्यात."

धरायचं काम मॅडमनी स्वतः शिकवलं. काचेची नळी, तिला रबरी पाइप, मध्ये जाळीचा तुकडा. भिंतीवर डास बसला की नळी हळूच त्याच्यावर न्यायची आणि पाइपातून श्वास आत ओढायचा. डास नळीत येतो, तोंडात येत नाही, जाळी असते ना. मलेरियाचा डास भिंतीवर शेपूट वर करून तिरका बसतो, बाकीचे सपाट. त्याची अळीसुद्धा वेगळी, पाण्याखाली आडवी पडते. बाकीच्यांच्या अळ्या डोकं खाली करून लटकतात. एवढं कळलं की निम्मं काम आलं, असं मॅडम म्हणायच्या.

त्यांनी हे तरुणपणी आदिवासी पाड्यांवर केलेलं. पहाटे परक्यांच्या गोठ्यात जाऊन उभं राहायचं, नळीनं डास ओढायचे. डासांच्या पंखांवरची बारीक भुकटी वर्षानुवर्षं छातीत गेली, त्याचा खोकला अजून आहे. पिंजऱ्यातल्या डासांना रक्त पाजायला स्वतःचा हात आत घालायच्या. चार वेळा मलेरिया झाला. वडील म्हणायचे, "पोरीला वाघ-सिंह मिळाले नाहीत, चिलटं धरत हिंडते." हे सांगताना त्या हसायच्या, आणि हसताना खोकायच्या.

मला लिहायलाही त्यांनीच लावलं. डास धरला, अळी सापडली, की बाटलीला चिठ्ठी लावायची. तारीख, वेळ, जागा, कुणी धरलं. चिठ्ठी नसलेली बाटली त्या बघायच्याच नाहीत, सरळ ओतून टाकायच्या. "डास कुठला ते माहीत नसेल तर तो नुसता डास आहे. माझ्या काय उपयोगाचा?"

आता पैलवानांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळं झालं.

लॅबमध्ये दोन दारांच्या आतल्या खोलीत लाल पट्टीचे पिंजरे होते. त्यातले मलेरियाचे डास औषधाला दाद देत नव्हते. फवाऱ्याचं औषध लावलेल्या नळीत इतर डास तासभर ठेवले तर दुसऱ्या दिवशी उताणे पडलेले असतात. हे उडत असायचे. ते का मरत नाहीत, याचा मॅडम अभ्यास करत होत्या, म्हणून त्यांची पिढ्यामागून पिढी वाढवलेली. आम्ही त्यांना पैलवान म्हणायचो. त्यांच्यात मलेरियाचे जंतू नव्हते, पण ते बाहेर जाता कामा नयेत, एवढं मलाही कळत होतं. अळ्या वाढवायचे पांढरे ट्रे धुताना पाणी कसं टाकायचं, ते मॅडमनी भिंतीवर स्वतःच्या हातानं लिहून ठेवलेलं. बारीक कापडातून गाळा, त्यात उकळतं पाणी घाला, मगच मोरीत ओता. खाली रजिस्टर. 'उकळतं पाणी घातले' या रकान्यात रोज सही माझी.

मी गाळत होतो. उकळतं पाणी घालत नव्हतो.

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. आळस नव्हता. आमच्या गावी टँकर आठवड्यातून एकदा यायचा. दगडावर बसून अंघोळ करायची, खाली घमेलं. त्या पाण्यात भांड्यांचा पहिला हात, मग तेच म्हशीच्या पुढं. तूप सांडलं तर आई काही बोलायची नाही, पाणी सांडलं तर पाठीत धपाटा. आणि लॅबमध्ये शुद्ध पाण्याचं एक यंत्र होतं, ते गार ठेवायला दिवसभर नळाचं स्वच्छ पाणी वाहायचं आणि मोरीत जायचं. पहिल्याच दिवशी मला ते बघवेना. मी मागच्या बाजूला एक निळा ड्रम आणून ठेवला, त्या पाण्याची नळी त्यात सोडली. जास्वंद लावली, कढीपत्ता लावला. मॅडमना ती झाडं आवडायची. यंत्राचं पाणी आहे, वर झाकण आहे, एवढं त्यांना माहीत होतं.

मग ट्रेचं पाणीही त्यातच ओतायला लागलो. अळ्यांना बिस्किटाची भुकटी घालतात, ते पाणी झाडाला चांगलं मानवतं. उकळतं घातलं तर झाडं मरतील. आणि गाळलंय की! आमच्याकडं विहिरीच्या तळाचं पाणी फडक्यातून गाळलं की ते प्यायचं पाणी. गाळलेलं पाणी वाईट असतं, हे माझ्या हाडात नव्हतंच. गाळायला मी घरचा जुना पंचा वापरायचो, धुऊन धुऊन विरलेला. अंड्यातून नुकती निघालेली अळी दोऱ्याच्या टोकाएवढी असते, हे मीच लोकांना सांगत हिंडत होतो.

*

लॅबच्या पाठीमागं चालत पाच मिनिटांवर एक चाळ होती. मालकीण करावे गावची जुनी मावशी, भाडेकरू बाहेरचे. आमच्या नेहमीच्या तपासणीच्या जागांतली ती एक. मी गेलो की मावशी ओट्यावरून सुरू व्हायची.

"आलास का रं मच्छरवाल्या? रोज आमचा पानी बगतस. तुजा पानी कोन बगते?"

"आमच्याकडं हाय कुठं पाणी, मावशी? दुष्काळी मानसं आमी."

"मंग जा, बग. माजे पिपान काय नाय हाय."

चाळीत एक बाई कोरेगावकडची होती, नवरा तळोज्याला कंपनीत. मला दादा म्हणायची, चहा दिल्याशिवाय सोडायची नाही. तिला तेव्हा सातवा महिना होता.

त्या ऑक्टोबरात, उकाड्याच्या दिवसांत, चाळीतून धरून आणलेले डास आमच्याकडं पीएचडी करणाऱ्या मुलीनं औषधाच्या नळीत ठेवले. दुसऱ्या दिवशी ती पळतच आली.

"काका, चाळीत पैलवान निघाले!"

निम्म्याहून जास्त जिवंत होते. तिनं परत केलं, परत तेच. ती हरखून गेली, दोन वर्षं हुडकत होती ते सापडलं होतं. मॅडम मात्र बराच वेळ नळीकडं बघत राहिल्या. गावात डास औषधाला मरत नसतील तर पालिकेला फवारणीचं औषध बदलावं लागणार होतं. पुढच्या गुरुवारी पालिकेचे आरोग्याचे लोक येणार होते, त्यांना हे सांगायचं ठरलं. मॅडमची निवृत्ती दीड वर्षावर आलेली. हे त्यांचं शेवटचं मोठं काम होणार, असं लॅबमध्ये सगळे बोलायला लागले.

त्याच दुपारी त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "आपल्याकडून तर काही सुटलेलं नाही ना? जाळ्या बघितल्या?"

मुलगी म्हणाली, सगळ्या बघितल्या.

"आणि ट्रेचं पाणी? उकळतं घालतोस ना रे?"

"व्हय," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. रोजची सही होती ना. 'नाही' म्हटलं तर इतक्या दिवसांच्या सगळ्या सह्या खोट्या ठरत होत्या. मॅडमनी माझ्याकडं क्षणभर बघितलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "बरं."

मी बाहेर आलो. सरळ मागं ड्रमाकडं गेलो.

ड्रमावर प्लायवूडचं झाकण होतं. पावसानं ते एका बाजूला वाकलं होतं, बोटभर फट. इतके दिवस रोज बघत होतो, पण दुसऱ्याच्या पिंपाकडं बघतो तसं कधी बघितलं नव्हतं. झाकण उचललं. भिंतीच्या सावलीत पाणी काळंभोर, वर काही हलत नव्हतं. डाव आणला, बुडवला, उजेडात धरला.

आडव्या होत्या. एका डावात सात.

चाळीतले पैलवान चाळीतले नव्हते. माझ्या ड्रमातून उडून गेलेले होते. मुलीचं काम खोटं, मॅडमचं शेवटचं काम खोटं, आणि गुरुवारी त्या हे सगळ्यांसमोर खरं म्हणून सांगणार होत्या.

मग मी जे केलं ते लिहायची लाज वाटते. बाटलीत त्या सात अळ्या घेतल्या, हाताला सवयच ती, आणि ड्रम कलंडून दिला. आयुष्यात पहिल्यांदा पाणी जाणून-बुजून सांडलं. भरलेला ड्रम हलता हलेना, पाय लावून ढकलला. पाणी जास्वंदीच्या मुळावरून, फरशीवरून, गटारात गेलं. मनाच्या एका कोपऱ्यात आईचा धपाटा होता. मग ड्रम घासला, पालथा घातला. पुरावा गेला.

बाटली तेवढी राहिली. चिठ्ठी काढली, तारीख लिहिली, वेळ लिहिली, कुणी धरलं तिथं माझं नाव लिहिलं. 'जागा' यापुढं पेन चालेना. तशीच बाटलीला लावली आणि लॉकरमध्ये डब्याच्या मागं ठेवली. टाकून का नाही दिली, कळत नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्यात चिमूटभर बिस्किटाची भुकटी घातली.

*

पुढचे आठ दिवस मी कसा वावरलो ते मलाच माहीत. मॅडम काही बोलायला लागल्या की वाटायचं, आता विचारतील. फोन वाजला की वाटायचं, चाळीतून आहे. पैलवानांच्यात जंतू नसतात, हे मला पाठ होतं. पण चाळीत एखादा तापाचा माणूस आला, त्याला चावून ते दुसऱ्याला चावले, तर? औषधानं तर ते मरणार नाहीत. मरू नयेत म्हणूनच तर आम्ही त्यांना वाढवले होते. खोलीत माझं जेवण कमी झालं तशी पोरं म्हणाली, "डासांचा उपास धरलाय व्हय?" मलाही हसू आणावं लागलं.

लॉकरमधल्या अळ्यांचे कोष झाले, कोषांतून डास निघाले. बाटलीच्या तोंडाला कापूस होता. त्यावर साखरेच्या पाण्याचा थेंब मीच सोडत होतो.

मंगळवारी सकाळी चाळीवर गेलो तर कोरेगावची ती बाई बाहेर आली नाही. मावशी म्हणाली, "पोरगी रातभर कापते. गोधऱ्या टाकल्या दोन, तरी थंडी जात नाय."

आत गेलो. ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. "दादा, चहा टाकायला उठता येईना ओ," म्हणाली. पोट गोधडीखाली उंच दिसत होतं. गरोदरपणात मलेरिया झाला की काय होतं, ते मॅडमनी मला एकदा सांगितलं होतं. आई आणि बाळ, दोघांपैकी कुणाचाही भरवसा नसतो.

मी तिचं बोट पुसून सुई काढली. "दुखंल का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "न्हाई ताई, मुंगी चावल्यागत." नवऱ्याला फोन लावला, आजच्या आज दवाखान्यात ने म्हणून सांगितलं, आणि काच घेऊन लॅबकडं जवळजवळ पळतच निघालो.

काच रंगवली, वाळवली, मॅडमच्या पुढं ठेवली. "चाळीतली बाई आहे. पोटुशी आहे. थंडी वाजून ताप."

त्या मायक्रोस्कोपवर वाकल्या. मी लॉकर उघडून बाटली आणली आणि त्यांच्या मागं उभा राहिलो.

"मॅडम, मला सांगायचंय काहीतरी."

"थांब. आधी हे."

काचेवरचं रक्त त्या इंच इंच नाही, केसाकेसानं बघायच्या. एक जागा बघितली की बोटानं चाक किंचित फिरवायचं, पुढची जागा. शंभर जागा तरी बघायच्या, त्याशिवाय 'नाही' म्हणायचं नाही, असा त्यांचा नियम. मी चाकाकडं बघत होतो. थांबलं की वाटायचं सापडलं, फिरलं की वाटायचं सुटलो. एकदा ते बराच वेळ थांबलं. मॅडम खोकल्या, चष्मा वर सारला, परत वाकल्या. मी मनातल्या मनात गावच्या देवाला बोललो होतो की ही बाई सुटू दे, मी सगळं सांगतो. पण सांगायचं तर आधीच ठरवलं होतं, मग देवाला देण्यासारखं माझ्याकडं उरलंच काय, असंही वाटत होतं.

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. "मलेरिया नाही. ताप दुसरा आहे, पण आजच डॉक्टरकडं जायला हवं."

"नवऱ्याला सांगितलंय."

"उद्या परत काच घे, खात्रीला." मग खुर्ची फिरवून माझ्याकडं बघितलं. "आता बोल."

मी बाटली पुढं केली. त्यांनी ती उजेडात धरली. आत पाच डास होते, शेपूट वर करून बसलेले. मग चिठ्ठी वाचली.

"जागा लिहिली नाहीस."

"व्हय."

"कुठली जागा?"

"आपलीच, मॅडम," मी म्हणालो. मग सगळं बाहेर आलं. ट्रेचं पाणी, विरलेला पंचा, झाकणाची फट, रजिस्टरमधल्या सह्या, ओतून दिलेला ड्रम. क्रम लागत नव्हता. रडत नव्हतो, पण बोलताना नाक गळत होतं ते बाहीला पुसत होतो.

त्यांनी मधे अडवलं नाही. झाल्यावर मला माझ्या खऱ्या नावानं हाक मारली.

"त्या दिवशी तू 'व्हय' म्हणालास ना, तेव्हाच मला आवाज खटकला होता."

"मग बोलला का नाही, मॅडम?"

त्यांनी बाटली हातात फिरवली. "मलाही तो निकाल हवा होता रे," म्हणाल्या. "मी परत विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

इतक्या मोठ्या माणसाच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटत होतं, घाबरून गप्प बसतो तो मी एकटाच.

मग त्या उठल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी मागच्या बाजूला आल्या, पालथ्या ड्रमाजवळ उभ्या राहिल्या. वाकलेलं प्लायवूड हातानं दाबून बघितलं. जास्वंदीला दोन फुलं होती. खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं.

"लिही जागा."

मी चिठ्ठीवर लिहिलं: लॅबच्या मागे, निळा ड्रम.

"आता ही बाटली माझ्या उपयोगाची झाली," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

*

बाटलीतले डास, चाळीतले डास आणि लाल पट्टीच्या पिंजऱ्यातले डास त्या मुलीनं यंत्रावर ताडून बघितले. एकाच घरातले निघाले. निकालाचा कागद तिनं माझ्यासमोरून नेऊन मॅडमच्या टेबलावर ठेवला.

गुरुवारी पालिकेचे लोक आले. मी दाराशी उभा होतो. आज सगळ्यांसमोर माझं नाव निघणार आणि संध्याकाळच्या गाडीनं गाव गाठावं लागणार, असं धरून पिशवी भरून ठेवली होती. मॅडम उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, "चाळीत सापडलेले, औषधाला न मरणारे डास आमच्या लॅबमधून सुटलेले आहेत. गावात असे डास आहेत असा पुरावा माझ्याकडं नाही. औषध बदलू नका."

एक साहेब हसले. "म्हणजे मॅडम, चोर घरातच निघाला म्हणायचा. कुणाचा प्रताप?"

मी डोळे मिटले.

"डास माझे, पाळले मी," मॅडम म्हणाल्या. "लॅब माझी. पुढं कुणाची चौकशी करायची असेल तर माझी करा."

पत्रं आली, चौकशी झाली, त्यांना दोन वेळा वर जाऊन उत्तरं द्यावी लागली. माझं सगळं त्यांनी कागदावर मांडलं, लपवलं काही नाही. पण कामावरून काढलं नाही. पैलवानांच्या खोलीची किल्ली मात्र त्याच दिवशी मागून घेतली आणि वर्षभर परत दिली नाही. मला ते बरं वाटलं. नुसतं माफ केलं असतं तर भीती गेली नसती.

उरलेला मोसम मी आणि ती मुलगी लॅबभोवतीचं घर न् घर हिंडलो. पिंप, टाकी, कुंड्या, गच्चीवरच्या बादल्या. सुटलेले पैलवान संपले की नाहीत, ते बघायचं होतं. मावशीला कुठून कळलं कोण जाणे.

"काय रं मच्छरवाल्या, तुजा पानी बगलास का शेवटी?"

"बगितला, मावशी."

"माजे परीस तुजेच पिपान निगालं!" ती ओट्यावर बसून इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसलो, पहिल्यांदाच. कोरेगावच्या ताईचा ताप तोवर उतरला होता, दुसरी काचही स्वच्छ होती. पुढं तिला मुलगी झाली. हळूहळू चाळीतले डास औषधाच्या नळीत पूर्वीसारखे उताणे पडायला लागले. शेवटच्या नळीत एकही जिवंत नव्हता, तेव्हा मॅडमनी ती माझ्या हातात दिली. "मोज," म्हणाल्या. मी दोनदा मोजले.

लॅबमधल्या त्या मुलीनं आपलं सगळं काम नव्यानं केलं. पीएचडी झाली, पण उशिरा. मला अजून काका म्हणते. पूर्वीसारखी पळत येऊन काही सांगत नाही.

मॅडम आता निवृत्त होऊन जुईनगरला घरी असतात. खोकला वाढलाय, जिना उतरवत नाही. त्यांचं ते शेवटचं मोठं काम झालंच नाही, याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. मी रविवारी जातो, कढीपत्ता घेऊन जातो. मागच्या खेपेला म्हणालो, आमच्या गावाला कालव्याचं पाणी येणार म्हणतात, खोदाई जवळ आलीय, बायका पाण्याची ओटी भरायला आत्तापासून नटून बसल्यात. मॅडम हसल्या नाहीत.

"पाव्हणं," म्हणाल्या, "जिथं नव्यानं पाणी येतं ना, तिथं मागून डास येतात. पाणी यायच्या आधी तुमच्या भागात कुठले डास होते, ते कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. मला जायचं होतं. राहून गेलं."

घरी येताना हेच डोक्यात होतं. मॅडम, तुम्ही हे वाचाल तेव्हा बहुतेक रागवाल. पण तुमचे पांग फेडायला माझ्याकडं दुसरं काही नाही. पोरीचं शिक्षण झालं की मी गावी जाणार आहे. पाणी यायच्या आधी आणि आल्यावर, दर महिन्याला, आमच्या आणि आसपासच्या वाड्यांमधली प्रत्येक विहीर, प्रत्येक पिंप डाव बुडवून बघीन. आईचं घमेलंसुद्धा. सापडेल ते बाटलीत घालून जुईनगरचा जिना चढून तुमच्या हातात आणून देईन. काही सापडलं नाही तर सापडलं नाही, असं लिहून आणीन. प्रत्येक चिठ्ठीवर जागा लिहिलेली असेल.